बाळंतपणातील दुखापतीची विचारपूस कोण करणार?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

महोदय,

११ एप्रिलच्या राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिनाच्या निमित्ताने रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण वाढल्याचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले आणि समाधान वाटले. राजापूर आणि लांजा तालुक्यांतील उपकेंद्रांत आरोग्य सेविका म्हणून माझी नोकरी झाली. अडलेल्या बाईला भर पावसात डोली करून वहाळापलीकडे रस्त्यापर्यंत आणण्याचे दिवस मी पाहिले आहेत, आणि १०२ व १०८ क्रमांकाच्या गाड्या वाडीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहू लागल्या तेही पाहिले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयात होतात, आणि २०१८-२० या काळात राज्याचा मातामृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतका नोंदला गेला. यामागे फार मोठे कष्ट आहेत आणि मी ते कमी लेखत नाही. परंतु जी बाई रुग्णालयात बाळंत झाली, जगली, जिचे बाळही सुखरूप आहे, आणि तरीही जिला त्या दिवसापासून लघवी आवरत नाही, किंवा वायू व शौच रोखून धरता येत नाही, किंवा उकिडवे बसले की जिचे मायांग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येते, ती या दोन्ही आकड्यांत कोठेच दिसत नाही. हे पत्र तिच्याविषयी आहे.

या दुखापती कशा होतात, ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण घरातील पुरुष मंडळींना आणि पुष्कळ स्त्रियांनाही ते कोणी सांगितलेले नसते. बाळाचे डोके ओटीपोटाच्या हाडांत तासन् तास अडकून राहिले, तर डोके आणि हाड यांच्यामध्ये मूत्राशय व योनीमार्गाचा भाग दाबला जातो, तेथील रक्तपुरवठा बंद पडतो, तो भाग मरतो आणि काही दिवसांनी गळून पडून तेथे छिद्र उरते. यालाच भगंदराच्या जातीची दुखापत, म्हणजे फिस्टुला, म्हणतात. त्या छिद्रातून लघवी रात्रंदिवस झिरपत राहते, ती रोखणे बाईच्या हातात राहत नाही. वेळेवर सिझेरियन होऊ लागल्यापासून ही दुखापत आपल्याकडे बरीच कमी झाली आहे. त्याहून कितीतरी अधिक आढळते ती फाटण्याची दुखापत. बाळ बाहेर येताना थोडेफार फाटणे बहुतेक पहिलटकरणींच्या वाट्याला येते आणि ते टाक्यांनी भरून निघते. पण फाट गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेली आणि ती त्याच वेळी ओळखून नीट शिवली गेली नाही, तर शौचावरचा ताबा सुटतो. तिसरी दुखापत अंग बाहेर येण्याची. ती हळूहळू, दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणानंतर आणि जड ओझ्यांमुळे वाढत जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले की, जगात दरवर्षी किमान ४ कोटी स्त्रियांना प्रसूतीमुळे उद्भवलेला एखादा दीर्घकाळ टिकणारा त्रास सोसावा लागतो. आपल्या राज्यातील दाखलाही जुना आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही आढळले, आणि त्यापूर्वी कधी तरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. तो अभ्यास केवळ बाळंतपणातील दुखापतींचा नव्हता आणि गडचिरोली म्हणजे कोकण नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण त्रास असणाऱ्या आणि तपासल्या गेलेल्या स्त्रियांमधील एवढी तफावत पाहून मला आमच्याच वाड्या आठवतात.

या विषयावर बोलताना अधिकारी, डॉक्टर आणि कधीकधी वृत्तपत्रेसुद्धा एक वाक्य हमखास वापरतात: "बायका लाजतात, पुढे येत नाहीत." लाज असते, हे खरे. मात्र एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतर माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, लाजेवर बोट ठेवले की बाकीच्यांची जबाबदारी आपोआप संपते, म्हणून ते कारण सर्वांना सोयीचे वाटते. दार लावून, बाकीच्यांना बाहेर बसवून, "लघवी आपोआप सुटते का, खोकताना कपडे ओले होतात का, शौचाला घाई होऊन वाटेतच होते का" असे थेट विचारल्यावर न बोललेली बाई मला क्वचितच भेटली. बहुतेकींना त्यापूर्वी कोणी विचारलेलेच नव्हते.

का विचारले जात नाही, याचे एक कारण आपल्या रीतीरिवाजात आहे आणि ते सरकारी कागदावर येत नाही. पहिले बाळंतपण माहेरी. मुलगी सातव्या महिन्यात माहेरी येते, तेथील आशाताई तिची नोंद घेते, प्रसूती तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात होते, आणि मग घरी नवजात बाळाच्या भेटी सुरू होतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. इकडे सव्वा महिना झाला की बाळंतिणीला सासरी नेण्याची तयारी होते, नवरा मुंबईला असेल तर ती तिकडे नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला जाते. म्हणजे जी शेवटची भेट आईच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, टाके सुकल्यावर, हिंडूफिरू लागल्यावर खरा त्रास जेव्हा जाणवू लागतो, नेमकी त्याच सुमारास ती गाव सोडते. माहेरच्या आशाताईच्या वहीत ती "स्थलांतरित" होते आणि सासरच्या आशाताईच्या वहीत तिचे बाळ फक्त लसीकरणापुरते येते. तिच्या शरीराचे काय झाले, याची नोंद या दोन वह्यांच्या मध्ये हरवते.

दुसरे कारण त्या भेटींच्या स्वरूपात आहे. माझ्या काळात जो फॉर्म भरावा लागे, त्यात आईसाठीही प्रश्न होते: पोटभर जेवते का, रक्तस्रावामुळे दिवसात किती कपडे बदलावे लागतात, ताप आहे का, स्रावाला दुर्गंधी येते का, झटके आले का, दूध येते का. हे सगळे तिचा जीव वाचवण्यासाठी आवश्यकच आहे. पण लघवी व शौचावरचा ताबा, टाक्यांच्या जागेचे दुखणे, खाली काही उतरल्यासारखे वाटणे यांविषयी मला त्यात प्रश्न सापडत नसे. आशाताई जे विचारायला शिकवले आहे तेच विचारणार. एका बाळामागे या सर्व भेटींचे मिळून २५० रुपये घेणाऱ्या बाईने स्वतःहून आणखी चार नाजूक प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही.

आणि विचारले तरी तपासायचे कोठे? मी ज्या उपकेंद्रात सर्वांत जास्त काळ होते, तेथील तपासणीचे टेबल लसीकरणाच्या खोलीतच होते. खोलीला एकच दार, त्याला आतून कडी नव्हती, आणि टेबलापुढे लावायचा पडदा गंजलेल्या चौकटीवर अर्धाच सरकत असे. लसीकरणाच्या दिवशी बाहेरच्या पडवीत बाळांना घेऊन आलेले आजोबा, काके, रिक्षावाले बसलेले असत. अशा जागी साडी वर करून टेबलावर झोपायला सांगितल्यावर बाई म्हणे, "सिस्टर, गोळी असेल तर द्या, तपासायला नको." मी स्वतःच्या पैशांनी कडी बसवून घेतली आणि जाड कापडाचा पडदा शिवून आणला. त्यानंतर तपासून घेणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांनाच आपण आधी लाजाळू म्हणत होतो.

बाईने धीर करून तोंड उघडले तर पुढे काय होते, तेही सांगितले पाहिजे. घरातील थोरल्या बायका म्हणतात, बाळंतपण झाले की असे होतेच, आम्हालाही झाले. सासू हे दुष्टपणाने म्हणत नाही. तिचेच अंग वीस-पंचवीस वर्षे बाहेर येत असते आणि हाताने आत ढकलून ती लावणीला वाकत असते, म्हणून तिला तो बाईच्या आयुष्याचाच भाग वाटतो. पण दवाखान्यातही हेच ऐकावे लागते, तेव्हा वाट बंद होते. लघवी सुटते म्हटल्यावर न तपासता जंतुसंसर्गाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात, टाके वरवर पाहून "सुकलेत" म्हटले जाते, आणि शौचावर ताबा नाही असे सांगणाऱ्या एका तरुण मुलीला तर माझ्यादेखत जुलाब थांबवण्याचे औषध दिले गेले. ज्या बाईला एकदा असे परतवले, ती पुन्हा दहा वर्षे त्या दाराशी जात नाही.

एका बाईची हकीकत लिहिते. तिचे नाव आणि गाव लिहीत नाही. दोन रात्री कळा सोसून तिचे पहिले बाळ मृत जन्मले होते आणि त्यानंतर आठवड्याभरात लघवी झिरपू लागली. मी तिला पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्या गोष्टीला कित्येक वर्षे लोटली होती. ती घरात झोपत नसे. गोठ्याला लागून असलेल्या खोपीत गोणपाटावर झोपे. जुन्या लुगड्यांचे तुकडे ती पहाटे, इतरांच्या आधी, वहाळावर नेऊन धुवी आणि गोठ्यामागे करवंदीच्या जाळीवर वाळत घाली. पावसाळ्यात ते वाळत नसत, तेव्हा ओलेच वापरी, त्यामुळे मांड्यांची कातडी सोलून निघालेली. कमी झिरपावे म्हणून ती पाणी फार कमी पीत असे, त्यामुळे लघवी अधिक दाट होऊन अधिक आग होई आणि वासही अधिक येई. गणपतीत ती स्वयंपाकघरात येत नसे. लग्नानंतर गौरीला ओवसा करण्याचा मान तिला एकदाही मिळाला नव्हता, कारण "तिला ते चालत नाही" असे घरात ठरून गेले होते. घरच्यांनी तिला टाकले नव्हते, जेवायला-खायला कमी केले नव्हते. पण हे दुखणे शस्त्रक्रियेने बरे होते, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते, आणि ते सांगण्याचे काम ज्यांचे होते, त्या आम्ही सर्वजणी दर महिन्याला त्याच वाडीत लसीकरणाला येत-जात होतो.

तिच्या शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचायला जे करावे लागले, त्यातून बाकीचे अडथळे मला कळले. पहाटेच्या वस्तीच्या एसटीने तालुक्याला, तेथून दुसऱ्या गाडीने जिल्ह्याला, आणि तेथे स्त्रीरोगतज्ज्ञ रजेवर, म्हणून परत. कपडे ओले होतील या भीतीने ती आदल्या संध्याकाळपासून पाणी न पिता निघे आणि खिडकीच्या कडेला उभी राहून प्रवास करी, कारण सीट ओली झाली तर वाहक बोलेल. एसटी स्थानकावरील स्वच्छतागृहात कपडा बदलायला पाणी नसे. ही शस्त्रक्रिया करणारे अनुभवी डॉक्टर प्रत्येक जिल्ह्यात नसतात. रत्नागिरीकडील माणसे त्यासाठी आंबा घाट चढून कोल्हापूरला किंवा थेट मुंबईला जातात, सिंधुदुर्गातील माणसे गोव्यातल्या बांबोळीला, म्हणजे दुसऱ्या राज्यात. शस्त्रक्रियेनंतर दहा ते चौदा दिवस लघवीची नळी ठेवावी लागते, तोवर सोबतीला कोणी तरी हवे; नवरा मुंबईला हंगामी नोकरीत, सासऱ्यांना दिसत नाही, दोन म्हशी गोठ्यात. खाटेचे आणि शस्त्रक्रियेचे पैसे योजनेतून भागले तरी सोबतीच्या माणसाचे जेवण, गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी कोणत्याही योजनेत बसत नाही. अखेर तिची नणंद रजा काढून आली, म्हणून ते जमले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. त्यानंतर तीन महिने जड उचलायचे नाही, शरीरसंबंध टाळायचा आणि पुन्हा दिवस राहिले तर प्रसूती सिझेरियननेच करायची, हे तिच्या नवऱ्याला समोर बसवून समजावणे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे होते, आणि तेही कोणी करत नसल्याने मीच केले.

अशा दुखापतींपैकी कित्येक पहिल्याच आठवड्यात ओळखल्या तर एवढ्या थराला जातच नाहीत, याची मला अधिक खंत वाटते. छिद्र लहान आणि ताजे असेल, तर लगेच नळी घालून काही आठवडे मूत्राशय रिकामे ठेवल्यास ते आपोआप भरून येऊ शकते. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलेली फाट प्रसूतीनंतर लगेच, चांगल्या उजेडात, भूल देऊन शिवली, तर बहुतेक जणी पूर्ववत होतात. त्यासाठी प्रत्येक प्रसूतीनंतर ती जागा नीट तपासली गेली पाहिजे. एकाच परिचारिकेच्या अंगावर तीन कळा देणाऱ्या बायका असतील तर हे राहून जाते, आणि राहून जाते म्हणून कोणाला दोष देण्याआधी रिक्त पदे कोणी भरली नाहीत ते पाहावे. मात्र एका गोष्टीला रिक्त पदांचे कारण पुरत नाही. बाळ लवकर यावे म्हणून बाईच्या पोटावर वरून जोर देऊन दाबणे आणि गरज असो वा नसो, प्रत्येक पहिलटकरणीच्या योनीमार्गाच्या तोंडाला कात्रीने छेद देणे, या दोन्ही गोष्टी करू नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. प्रसूतिकक्षांची गुणवत्ता सुधारण्यासाठी केंद्राचा "लक्ष्य" कार्यक्रम २०१७ पासून आहे. त्याच्या तपासणीला येणाऱ्यांनी भिंतीवरील तक्त्यांबरोबरच या दोन सवयींचीही चौकशी करावी.

अंग बाहेर येण्याविषयी एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. आपल्याकडे या त्रासाला "पिशवी काढून टाका" हा एकच उपाय सर्वतोमुखी झाला आहे. काही जणींना ती शस्त्रक्रिया खरोखर लागते. परंतु त्रास सुरुवातीचा असेल, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून-सैल करण्याचा व्यायाम नियमाने तीन महिने केल्यास पुष्कळ फरक पडतो, आणि त्रास वाढलेला असला तरी योनीमार्गात बसवायची आधाराची गोल कडी (पेसरी) अनेकींना वर्षानुवर्षे उपयोगी पडते. ती दर तीन-चार महिन्यांनी काढून स्वच्छ करायची असते, एवढेच. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेतही कधी मूत्राशयाला इजा होऊन लघवी झिरपण्याचे तेच दुखणे मागे लागू शकते, हे बाईला आधी सांगितले गेले पाहिजे. व्यायाम दाखवणारे कोणी नाही आणि कडी औषधसाठ्यात नाही, म्हणून तिशी-पस्तिशीच्या बाईची पिशवी निघावी, हे मला मान्य नाही. व्यायामाची गोष्ट निघाली म्हणून सांगते: बाळंतिणीचे पोट घट्ट बांधले की सगळे आत जाते अशी समजूत घरोघरी आहे, पण तळाच्या स्नायूंना त्याने बळ मिळत नाही, आणि फार आवळले तर खाली भार पडतो.

आपल्या वृत्तपत्राद्वारे आरोग्य खात्याला, जिल्हा परिषदेला आणि रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या तीनही जिल्ह्यांतील लोकप्रतिनिधींना माझी विनंती आहे. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत, म्हणजे स्त्रीरोग विभाग जिल्ह्यात आला आहे. त्या विभागातील स्त्री डॉक्टरांनी महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात केवळ बाळंतपणानंतरच्या तक्रारींसाठी बसावे, आणि तो दिवस आठवडा बाजाराचा असावा, कारण त्या दिवशी घरातून बाहेर पडायला बाईला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत कोणी येणार नाही. पौष ते चैत्र या काळात येतील, म्हणून शस्त्रक्रियांच्या तारखाही त्याच महिन्यांत द्याव्यात. घरभेटीच्या फॉर्ममध्ये लघवी, शौच, दुखणे आणि अंग उतरणे असे चार प्रश्न घालावेत व त्यासाठी आशाताईंच्या मोबदल्यात वाढ करावी. माहेरच्या नोंदीचा कागद बाळाच्या लसीकरण कार्डासोबत सासरच्या उपकेंद्रात पोहोचावा आणि सहा आठवड्यांची आईची तपासणी बाळाच्या सहाव्या आठवड्याच्या लसीच्या दिवशीच, त्याच ठिकाणी व्हावी, कारण बाळाला घेऊन ती येतेच. प्रत्येक उपकेंद्रात आतून कडी लागणारी एक खोली असावी. प्रसूतीसाठी जशी मोफत गाडी मिळते, तशी ती या शस्त्रक्रियेसाठी जाण्या-येण्यालाही मिळावी आणि सोबतच्या व्यक्तीच्या जेवणाचा खर्च द्यावा.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. जिल्हा व तालुका रुग्णालयांत स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत उपलब्ध असतात, ही माहिती दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्थानिक पानावर द्यावी, डॉक्टर रजेवर असतील तर तेही छापावे, आणि "प्रसूतीनंतर लघवी किंवा शौच आवरत नसेल, अंग बाहेर येत असेल, तर त्यावर उपचार आहेत" हे वाक्य त्या माहितीच्या वर मोठ्या अक्षरांत असावे. गावात वृत्तपत्र बहुधा पुरुष वाचतात, त्यामुळे ते त्यांच्या नजरेस पडणे मला अधिक आवश्यक वाटते.

या पत्रातील स्त्रिया ओळखल्या जाऊ नयेत, यासाठी माझे नाव प्रसिद्ध करू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी